नागपुरातले नागपुरे

दादाजींना आज मागच्या खोलीत बसवायचं, हे सकाळच्या चहालाच ठरलं. ठरवलं गणपतरावांनी आणि मान डोलावली प्रयागबाईंनी. ही भावंडं एरवी कुठल्या गोष्टीवर एक होतील तर शपथ, पण गणपतरावांच्या लेकीच्या, पुष्पलतेच्या साक्षगंधानं, म्हणजे साखरपुड्यानं, तोही चमत्कार घडवून आणला होता.

"तोंड उघडलं का बाबा सीधे झाडीत जाऊन पोचतेत," गणपतराव बशीतला चहा फुंकत म्हणाले. "पाव्हणे वऱ्हाडातले. त्याइले हसायले निमित्तच पायजे."

"चिखलाच्या गोष्टी सांगतीन, दुसरं काय," प्रयागबाईंनी री ओढली. त्या उमरेडहून कालच आल्या होत्या आणि आल्याबरोबर घराचा ताबा घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. "खोकला झाला म्हना. म्हाताऱ्या माणसाले खोकला होतेच."

देवकी चुलीपाशी पुरण घोटत होती. सासऱ्यांना खोकला नव्हता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते रोज सकाळी शुक्रवारी तलावाला फेरी मारून यायचे आणि आल्यावर दोन भाकरी जास्तीच्या मागायचे. पण ती काही बोलली नाही. झाडीचा विषय निघाला की या घरात तिनं गप्प बसायचं, हा नियम सव्वीस वर्षं जुना होता आणि तो मोडायची तिची छाती नव्हती.

त्या नियमाची गोष्ट अशी. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना भाताच्या बांध्या, तळी आणि रान यांनी भरलेला जो मुलूख, त्याला झाडी म्हणतात. तिकडून नागपुरात आलेला माणूस तो झाडपा. शब्दात तसं वावगं काही नाही, पण म्हणणाऱ्याचं नाक तेवढं वर जातं. आणि वऱ्हाडात तर विचारूच नका. काळ्या मातीच्या, ज्वारी-कपाशीच्या त्या मुलखात झाडपा म्हणजे तीन त्रिकाळ भात खाणारा, हिवतापानं पिवळा पडलेला, कोणीही यावं आणि टोपी घालावी असा भोळसट माणूस. देवकी दर्यापूरकडची, म्हणजे वऱ्हाडातलीच. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या चुलतीनं गळा काढला होता, "झाडीत लोटली वं माय पोर!" नवरा राहायचा नागपुरात, शुक्रवारीत, पक्क्या विटांच्या घरात. पण चुलतीला विटांशी काय करायचं होतं?

लग्नानंतरची पहिली दिवाळी. गणपतराव जेवायला बसलेले, देवकी वाढत होती. त्यांनी तिसऱ्यांदा भात मागितला आणि ही हसून म्हणाली, "झाडपे ते झाडपेच!" सोळा वर्षांची पोर, लाडात बोलून गेली. गणपतरावांनी ताट हलकेच पुढं सारलं आणि उठले. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. दोन दिवस जेवलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले ते भाकरी. तेव्हापासून आजवर त्यांच्या ताटात भात पडायचा तो नैवेद्यापुरता, चार शितं. इतवारीत त्यांची तांदळाची वखार, झाडीचा तांदूळ अख्ख्या शहराला पुरवणारा हा माणूस, आणि घरी स्वतः ज्वारी खातो. शेजारीपाजारी म्हणत, हलवायाला मिठाई आवडत नाही तसंच. खरं कारण दोघांनाच माहीत होतं. देवकीनं मनात किती वेळा माफी मागितली असेल त्याला गणती नाही, पण तोंडानं मागायची तर तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला असता.

आता तिनं स्वतःच खटपट करून आपल्या माहेरच्या बाजूचं स्थळ आणलं होतं. मुलगा मधुकर, नुकता वकील झालेला, दिसायला नीटस, बोलायला मऊ. पुष्पलतेला तो मनापासून आवडला होता. याआधी दोन स्थळं फिरली होती आणि दोन्ही वेळा फिरताना लोक तोच शब्द कुजबुजून गेले होते. हे तिसरं फिरलं असतं तर पोरीनं हाय खाल्ली असती, आणि गणपतरावांनी कदाचित भाकरीही सोडली असती.

*

पाव्हणे दहाच्या गाडीनं उतरले आणि तीन टांग्यांतून आले. पुढच्या टांग्यात मुलाचे काका बाबाराव वैरागडे. भरघोस मिश्या, जरीचा फेटा, आणि आवाज असा की टांग्याचं घोडंही कान टवकारून उभं राहावं. मागून मधुकर आणि त्याची आई रुख्मिणीबाई. बाईंचं कपाळ मोकळं होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. अंगावर साधं फिकट लुगडं, तोंडात शब्द मोजके. मुलाच्या बाजूनं बोलायचं काम बाबारावांनी अंगावर घेतलं होतं आणि ते काम त्यांना फारच मानवलं होतं.

"या, या! आमचं नागपूर कसं वाटलं?" गणपतरावांनी पायावर पाणी घातलं.

"नागपूर ठीकच हाय जी," बाबाराव गादीवर टेकत म्हणाले. "पन वऱ्हाडाची गोष्ट न्यारी. तुम्हाले माहीत हाय का, वऱ्हाडाले वऱ्हाड काहून म्हनते?"

माहीत असलं तरी नाही म्हणायचं असतं, एवढं गणपतरावांना कळत होतं.

"देवाच्या लग्नाले वऱ्हाड आलं. रुक्मिणी आमच्याकडचीच ना! ते वऱ्हाड आमच्या मुलखात उतरलं, जेवलं, अन् जेवन असं झाक झालं का कोनी वापसच गेलं नाही. राहिलं तिथंच! तवापासून वऱ्हाड." बाबाराव मांडीवर थाप मारून हसले. "म्हनून तं आम्ही जिथं जाऊ तिथं पाव्हणेच असतो."

सगळे हसले. देवकीही दाराआड हसली, कारण ही गोष्ट तिनं लहानपणी आपल्या बापाकडून ऐकली होती आणि तिला ती आवडायची.

"अन् आमचं आडनाव घ्या," बाबारावांना आता जोर चढला. "वैरागडे. आमच्या कोन्या पंज्यानं, आज्याच्या बापानं, वैऱ्याचा गड जिंकला. वैऱ्याचा गड, म्हनून वैरागडे! नावात पराक्रम हाय आमच्या."

"वा, वा," गणपतराव म्हणाले.

दाराआड देवकीनं पदर तोंडात धरला. हे स्थळ आलं त्या दिवसापासून एक गोष्ट तिनं पोटात ठेवली होती. रेल्वे व्हायच्या आधी दादाजी झाडीतून बैलगाड्यांनी तांदूळ आणायचे. त्या वाटेवरची मुक्कामाची गावं त्यांनी एका चालीत बसवली होती आणि घरातलं प्रत्येक पोर त्या चालीवर मांडीवर झुललं होतं: उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वैरागड. वैरागड म्हटलं की पोराला धपकन मांडीवरून खाली सोडायचं, कारण तिथं गाडीचे बैल सुटायचे, वाट संपायची. म्हणजे वैरागड हे गाव होतं, आणि तेही झाडीच्या पार आत, चांद्याकडच्या रानात. बाबारावांचा पराक्रमी पंजा तिथून वऱ्हाडात पोट भरायला गेला असणार आणि तिकडच्या लोकांनी त्याला त्याच्या गावावरून हाक मारली असणार. देवकीनं हे कोणाला सांगितलं नव्हतं, दादाजींपाशी तर पाव्हण्यांचं आडनावही निघू दिलं नव्हतं. नवऱ्याला सांगावं तर तो भांडणात पहिल्यांदा तेच फेकून मारील, आणि मग स्थळही जायचं, शेजारगावातली सोयरीकही. तिनं सहा महिने तो शब्द पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता.

*

पाट मांडले, रांगोळी झाली, जोशीबुवा पंचांग उघडून बसले. पुष्पलता बाहेर यायची तेवढी बाकी होती. ती आली, पण एकटी आली नाही. तिच्या हाताला धरून दादाजी होते, धुतलेलं धोतर, कोऱ्या उपरण्याची घडी खांद्यावर, आणि खोकला औषधालाही नाही.

प्रयागबाई पुटपुटल्या, "झालं आता." गणपतरावांचा चेहरा ताणला गेला.

"आबाजीच्या पाया पडल्याशिवाय मी पाटावर बसनार नाही," पुष्पलता हळू पण सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि तिथंच वाकली. सतरा वर्षांची पोर, पण आडमुठेपणा आजोबांचा. पाव्हण्यांसमोर तिला कोण अडवणार? रुख्मिणीबाईंच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. त्यांनी सरकून म्हाताऱ्याला जागा करून दिली, आणि दादाजी बरोबर त्यांच्या समोर बसले.

जोशीबुवांनी मंत्र म्हटले, कुंकू लागलं, ओटी भरली गेली, साखर वाटली. अंगठीची डबी मधुकरच्या हातात आली. तेवढ्यात दादाजींनी हात वर केला.

"जरा थांबा जी. मले पोरीले काही द्याचं हाय. सोनं तिचा बाप देईन. माह्यापाशी माह्या मायची येक बोडी हाय." त्यांनी रुख्मिणीबाईंकडे पाहून हात जोडले. "ते बोडी आजपासून तुमच्या पदरात टाकली, बाई. जीव लावजा तिले. उन्हाळ्यात कोरडी पडू देजा नोका."

घरातली माणसं यात काय वावगं आहे ते समजलीच नाहीत, निदान पहिल्या क्षणी तरी. पाव्हणे मात्र जागच्या जागी थिजले. वऱ्हाडात बोडी म्हणजे डोकं भादरलेली विधवा. मंगल कार्य, पाटावर पोर, समोर बिनकुंकवाची विहीण, आणि म्हातारा तिच्याकडे पाहून म्हणतो, बोडी तुमच्या पदरात टाकली! सगळ्या घरात देवकीच एक होती जिला दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले.

"काय म्हनलं?" बाबाराव उभे राहिले. फेटा हलला. "काय म्हनलं हे बुडं? माह्या वहिनीच्या तोंडावर? कार्याच्या घरात?"

"मी तं बोडी देऊन राहिलो..." दादाजी गोंधळले.

"पुन्हा तेच! चाल गा मधुकर. लोकांनी आम्हाले सांगितलं होतं, नागपूरचे म्हनवते, पन आतून झाडपे हायेत. आम्ही ऐकलं नाही. झाडपे ते झाडपेच!"

शब्द पडला. सव्वीस वर्षं या घरात जो कोणी काढला नव्हता तो भर बैठकीत, जोशीबुवांच्या समोर, जसाच्या तसा. देवकीनं नवऱ्याकडे पाहिलं. गणपतराव पांढरेफटक पडले होते.

"माफ करा, बाबारावजी," ते कसेबसे म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचं मनावर घेऊ नका. त्याइच्या डोक्यात फरक पडला आहे. आम्ही नागपूरचेच. नावच आहे आमचं नागपुरे."

दादाजींनी मुलाकडे पाहिलं. उपरण्याचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत राहिले. ते पाहून देवकीला भडभडून आलं. नवऱ्याचा तिला राग आला आणि कणवही आली. आणि सगळ्यात जास्त शरम वाटली ती स्वतःची, कारण हा माणूस असा झाला त्याची सुरुवात तिच्याच तोंडून झाली होती.

प्रयागबाई तिच्या कानाशी आल्या. "तुह्याच माहेरचे हे. पाय आता काय दिवे लावले. अन् मी सांगतो, तू गप बस."

"नाही वन्सं," देवकी म्हणाली. "लय दिवस गप बसली."

ती माजघराच्या उंबऱ्याबाहेर आली. तिनं बाबारावांकडे पाहिलंच नाही, थेट रुख्मिणीबाईंपाशी जाऊन बसली. "बाई, मी दर्यापूरकडची. तुमच्यासारखीच. मलेही पहिल्यांदा ऐकलं तवा असंच वाटलं होतं. आपल्याकडं बोडी म्हनजे जे, ते इकडं नाही. झाडीत बोडी म्हनजे तळं. लहान तळं, भाताले पाणी देते ते."

"तळं?" रुख्मिणीबाई.

"तळं. याइच्या मायनं, माह्या आजेसासूनं खांदलं. नवरा मेल्यावर सात लेकरं घेऊन, स्वताच्या हातानं. सारा गाव त्याच्यावर जगला. त्याइनं आपल्या मायची खूण तुमच्या पदरात टाकली, बाई, दुसरं काही नाही."

रुख्मिणीबाईंनी दादाजींकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "म्हनजे उन्हाळ्यात कोरडी पडू देऊ नोका म्हनले ते..."

"पाणी, बाई."

"मी म्हनलं, हे बाप्पा मले प्यायले पाणी देत जा म्हनून सुनेले सांगून राहिले!" आणि बाई हसल्या. पदर तोंडाशी नेऊन, खांदे हलवत हसल्या. मधुकरनं हुश्श केलं, ते पुष्पलतेनं पाहिलं.

पण बाबाराव बसले नाहीत. एकदा उभा राहिलेला माणूस आपण होऊन बसला तर मिश्यांचं काय राहिलं? "तळं असो का विहीर," ते गुरगुरले. "झाडपे हाय हे तं खरंच ना? आम्हाले फसवलं."

आता गाठ सोडायची वेळ आली होती. देवकीच्या मनात आलं, एका वाक्यात या माणसाचा फेटा खाली आणता येईल. जिभेच्या टोकावर होतं ते वाक्य. पण फेटा खाली आलेला माणूस मुलीला नांदवील का? आणि शब्द फेकून मारला की काय होतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ती सासऱ्यांकडे वळली.

"मामाजी, तुम्ही पाव्हण्याइचं आडनाव विचारलंच नाही."

"मले कोनी सांगतलं कुठं?" दादाजी खिन्नपणे म्हणाले. "मी तं मांगच्या खोलीत होतो. काय जी आडनाव तुमचं?"

"वैरागडे," बाबारावांनी छाती काढली.

दादाजींचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. हातातलं उपरणं सुटलं. "वैरागडचे? अरे बापू! मंग सांगान नाही का आधी!" ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि बाबारावांपाशी जाऊन त्यांचे दोन्ही हात धरून उभे राहिले. "माह्या मायचं माहेर वैरागड! तिथंच माह्या गाड्या सुटे. किल्ला हाय, महादेवाचं देऊळ हाय, देवळाच्या मांगं आंबराई. मी लहान असताना बुडे लोक सांगे, दुकाळात इथले पाच-सहा घरं वऱ्हाडात गेले म्हनून. तेच तुम्ही! बसा, बसा, उभे काहून? आपल्याच घरी आले तुम्ही."

"वैऱ्याचा गड..." बाबाराव म्हणाले, पण त्या आवाजात मघाचा टांगा थांबवणारा दम नव्हता.

"वैरी गिरी कोनी नाही जी तिथं. लय गरीब मानसं. भात खाते अन् झोपते."

पुष्पलतेला राहवलं नाही. पाटावर मान खाली घालून बसलेली पोर एका लयीत पुटपुटली, "उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वैरागड." शेवटच्या शब्दाला तिनं मांडीवर हलकीच थाप मारली. मधुकर हसला आणि मग काकांकडे पाहून गंभीर झाला.

बाबारावांची अवस्था मोठी अवघड झाली होती. त्यांना सोडवलं ते त्यांच्या वहिनीनंच.

"भाऊजी, एक सांगा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "आपल्या वावरात पिकते ज्वारी. मंग दरसाल नवं खायच्या दिवशी देवापुढं तांदूळ काहून लागते? मी सून होऊन आली तवापासून अमरावतीच्या बजारातून इकत आणून राहिली. सासूबाईले इचारलं तं म्हने, आपल्या घरची रीत हाय, इचारू नोको. तीस वर्सं मी इचार करून राहिली. आज समजलं."

बाबारावांनी मिशी चाचपली.

"भाऊजी," बाई शांतपणे म्हणाल्या, "आपन तं याइच्यापरीस पक्के झाडपे निघालो."

मग बाबारावांच्या पोटात कुठंतरी गडगडलं, आणि ते वर येता येता हसू झालं. आधी खुदखुद, मग असं सातमजली की बाहेरचं घोडं फुरफुरलं. ते मटकन दादाजींच्या शेजारी बसले. "वैऱ्याचा गड," ते डोळे पुसत म्हणाले, "साऱ्या दर्यापूर तालुक्याले सांगतलं राजेहो मी! आता कोन्या तोंडानं जाऊ?"

"त्याच तोंडानं जा," दादाजी म्हणाले. "नाव हे असंच असते बापू. आमचंच पाहा ना. नागपुरात कोनी नागपुरे नसते. माहा आजा भोसल्याच्या राज्यात इथून झाडीत गेला, तं तिकडचे लोक म्हने, नागपुरे आले. मी तिकडून इथं आलो, तं इथले म्हने, झाडपा आला. जिथून निंगालो तेच नाव चिकटते. म्या काही कोनावर राग नाही धरला. झाडपा म्हनजे झाडाच्या आसऱ्यानं राहनारा. यात शिवी कुठं हाय, मले तं आजवर सापडली नाही."

हे त्यांनी बाबारावांना सांगितलं. ऐकत मात्र गणपतराव होते.

जोशीबुवांनी खाकरून पंचांग पुन्हा उघडलं. साक्षगंधाचा कागद लिहायचा होता. मुलाकडचं मूळगाव विचारलं तेव्हा बाबाराव एकदा वहिनीकडे पाहून म्हणाले, "लिहा, वैरागड." मग बुवांनी गणपतरावांकडे मान वळवली. "तुमचं? नागपूरच ना?"

गणपतराव उठले. वडिलांपाशी गेले, खाली वाकून त्यांनी त्यांचं सुटलेलं उपरणं नीट खांद्यावर ठेवलं. "बाबा, गावाचं नाव सांगा. माह्या तोंडून वंगाळ निघालं मघाशी."

"तूच सांग ना बापू. तुले का येत नाही?"

"सावरबोडी," गणपतराव म्हणाले. "लिहा बुवा. सावरबोडी, पवनीच्या खाली. झाडी."

*

पंगती उठता उठता तीन वाजले. बाबारावांनी चार वेळा वडा-भात घेतला आणि प्रत्येक वेळी म्हणाले, आता रक्तातच आहे त्याला इलाज नाही. प्रयागबाई जो तो भेटेल त्याला सांगत होत्या की त्यांना वैरागडे म्हटल्याबरोबरच संशय आला होता, आणि बाबांना मागच्या खोलीत ठेवायची कल्पना त्यांना पहिल्यापासूनच पसंत नव्हती. दादाजी ओसरीवर मधुकरला शेजारी बसवून बोडीला पाणी कुठून येतं ते काठीनं जमिनीवर काढून दाखवत होते.

घरधनी शेवटी जेवतो. गणपतराव पाटावर बसले. देवकीनं ताट मांडलं, वरण, वडे, कढी, पुरणाची पोळी, कोपऱ्यात नेहमीची चार शितं. भाकरीची टोपली उजव्या हाताशी ठेवली. सैपाकघरात दुसरं कोणी नव्हतं.

"तुले माहीत होतं," ते ताटाकडे पाहत म्हणाले. "वैरागडचं."

"होतं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही फेकून मारला असता त्याइले तो शब्द."

त्यांनी पाण्याचं बोट ताटाभोवती फिरवलं. मग मान वर न करता म्हणाले, "तू येकदा म्हनली होती मले. दिवाळीत."

देवकीच्या हातातला डाव थांबला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हे बोलणं निघालं होतं. "लहान होती मी," ती म्हणाली. "लय चुकलं माहं. मी लाडानं म्हनली होती जी, देवाशप्पत."

"आज समजलं मले." गणपतरावांनी भाकरीची टोपली उचलून बाजूला ठेवली. "पुन्हा म्हन."

"काय?"

"तेच. जसं म्हनली होती तसं."

देवकीनं दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. बेचाळीस वर्षांची बाई, चार महिन्यांनी सासू होणारी, पदर तोंडाशी नेऊन सोळा वर्षांच्या पोरीसारखी लाजली. "झाडपे ते झाडपेच," ती म्हणाली.

गणपतरावांनी ताट पुढं केलं. "वाढ मंग भात," ते म्हणाले.

तिनं वाढला. त्यांनी कालवला, खाल्ला, आणि पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा वाढताना देवकीला ताट नीट दिसेना, म्हणून भात जरा जास्तच पडला. त्यांनी शीतही टाकलं नाही.